माईकवाल्याचा आवाज

१

मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा घालवता येतं, हे मोठीला त्या दुपारी कळलं.

जेवणं आटोपली, ओट्यावर फडकं फिरवून झालं, घरातली सगळी आपापली दारं लोटून पडली. मोठी नेहमीसारखी दुकानामागच्या खोलीत आली आणि कॉम्प्युटरपुढे बसली. हा वेळ तिचा. थोरली सून म्हणून या घरात आली तेव्हापासून ती 'मोठी', आणि आता तर पाठचीपुढची सगळी तिला वचकून असत. पण दुपारी या खोलीत तिच्याशी बोलायला कुणी नसे. ज्याच्यासाठी ती यायची, तो भिंतीवर फोटोत होता.

तिने कानांवर हेडफोन चढवले, माईकचं चित्र असलेला फोल्डर उघडला, पहिली फाईल लावली, आणि कानात तोफ फुटावी तसा आवाज घुसला.

"मेले गं!" म्हणत तिने हेडफोन भिरकावले. कुणीतरी आवाज पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला होता. ज्याने नेला त्याच्या सात पिढ्या काढत तिने तो खाली आणला, आणि मग पडद्याकडे नीट बघितलं.

फोल्डरमध्ये मोजक्या फायली उरल्या होत्या. बाकी सगळ्या गायब.

नवरा माईकवाला. समोर दुकान, मागे घर. जन्मभर त्याने लोकांचे आवाज टिपले. लग्नं, सभा, शाळांची संमेलनं, सायकलींच्या शर्यती. एक कॅसेट गिऱ्हाइकाला, एक घरात. कॅसेटचा जमाना सरला तेव्हा म्हातारपणी बसून त्याने सगळं कॉम्प्युटरात भरलं. मोठी तिसरीतून उठलेली, अक्षरं जोडत जोडत वाचणार. म्हणून प्रत्येक फोल्डरवर त्याने चित्र लावून दिलं. शाळेला घंटा, लग्नाला हार, घरातल्या आवाजांना पाळणा.

माणूस मात्र मुलखाचा अबोल. स्वतःचं एक वाक्य त्याने कधी टिपलं नाही. त्याचा आवाज राहिला तो फक्त कार्यक्रमाच्या आधीचा, माईक तपासतानाचा: "हॅलो... हॅलो... एक, दोन, तीन." कुठे मागे खुर्च्या ओढल्या जातायत, कुठे पोर किरकिरतंय, कुठे तो हलकेच खोकून "थांबा हो जरा" म्हणतोय. तो गेल्यावर मोठीने एकेक कार्यक्रम उघडला, सुरुवातीचा तेवढा तुकडा कापला आणि माईकच्या फोल्डरात नेऊन ठेवला. कापलाच. नक्कल काढली नाही. एक वस्तू, एक जागा, हा तिचा कायदा. डबे असोत, चादरी असोत, नाहीतर नवरा असो.

म्हणजे हा फोल्डर गेला तर तो कुठेच नव्हता.

तिने भराभर बाकीचे फोल्डर उघडले. पाळण्याच्या फोल्डरमध्ये सासूचं अंगाईगीत नव्हतं. घंटेच्या फोल्डरमधून थकलेल्या हेडमास्तरांचा निरोप गेला होता. आणि मिरचीचं चित्र लावलेला तो खास फोल्डर, ज्याची खबर घरात कुणाला नसावी अशी तिची समजूत होती, तो तर धुऊन पुसून स्वच्छ होता.

बाहेरचं माणूस या खोलीत येत नसे. हात घरातलाच होता.

२

मुलगा ऑफिसातून आला तसा तिने त्याला चपलांवरच पकडला.

"आई, पाणी तरी पिऊ दे."

"पी. पण आधी सांग, वडिलांना कुठे नेलंस?"

त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "बॅकअप का नाही ठेवलास?"

"बॅकअप म्हणजे काय? एका नवऱ्याच्या दोन प्रती?"

"अगं, म्हणजे..."

"मला शिकवू नकोस. पाळण्याच्या फोल्डरात तुझ्या आजीचं एक बोलणं होतं. दुकान विकू नका, भाड्यानेही देऊ नका, भावोजी हयात आहेत तोवर त्यांना तिथे बसू द्या. हळू आवाजात बोलल्या होत्या, पण बोलल्या होत्या. ते पण गेलं. आणि दुकान भाड्याने द्यायचं कुणाच्या डोक्यात आहे?"

मुलगा लाल झाला. "माझ्याच. उघडपणे तुझ्या तोंडावर म्हणालोय. भाड्याने द्यायचं असेल तर फाईल कशाला चोरू? तू आहेस ना अडवायला, तुला कुठे चोरून ठेवू?"

यावर मोठीला हसू आलं होतं, पण तिने ते दाबलं.

"हे बघ," तो पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवत म्हणाला. "पुसलेली फाईल आधी यात पडते. डबा कुणी रिकामा केलेला नाही. मी कधीकाळी टाकलेल्या माझ्या फायली अजून तशाच पडल्यात. तुझी एकही यात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पुसल्या नाहीत. कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवल्यात. आणि डिस्क भरली म्हणून परवा जेवताना तूच ओरडत होतीस ना, तिच्यावर जागाही मोकळी झालीय, म्हणजे या कॉम्प्युटरातही नाहीत."

पुसणारा रागावलेला असतो, नाहीतर वेंधळा. उचलून नेणाऱ्याला मात्र ती वस्तू हवी असते. नवऱ्याचं हॅलो-हॅलो तिच्याशिवाय कुणाला हवं होतं?

आतून भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. सून दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती.

३

"विचारा ना," सून पदर खोचत पुढे आली. "मघापासून माझ्याकडेच बघताय."

"मिरचीच्या फोल्डरचं तुला ठाऊक होतं?"

"होतं. मी फोनवर माझ्या आईशी बोलत होते, बाबांचं मशीन चालू राहिलं आणि सगळं टिपलं गेलं. सासू कशी आहे ते सगळं. आणि तुम्ही ते जपून ठेवलंत, वर मिरची लावून! महिन्याकाठी ऐकत असाल."

"आठवड्याला," मोठी म्हणाली. "राग शिळा होऊ नये म्हणून."

सुनेच्या ओठाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही. "मी नेलं असतं ना आई, तर माझं तेवढं नेलं असतं आणि चुलीत घातलं असतं. बाबांच्या एक-दोन-तीनचं मी काय करू? उशाला घेऊन झोपू?"

"माग काढता येऊ नये म्हणून सगळंच नेतात लोक."

"लोक!" सुनेचे डोळे भरले. "या घरात मी अजून लोकच का? ठीक आहे. चोर ठरवलंत ना, मग मी जाते माहेरी. आवाज शोधा आणि मग बोलवा." ती आत वळली, आणि जाताजाता चिडून म्हणाली, "मला काय विचारता? काल संध्याकाळी खोलीत काका होते. कानाला ते लावून बसलेले. चहा झालाय म्हणून दारातून तीनतीन हाका मारल्या, ढिम्म हलले नाहीत. माझ्या हाकेला ओ द्यायला यांच्या जिवावर येतं. त्यांना विचारायची आहे का कुणाची टाप?"

मुलगा पुटपुटला, "काकांचं काय, ते आधीपासूनच तसे शिष्ट."

खरंच होतं. धाकटा दीर लग्नाच्या भानगडीत पडला नाही. भावाच्या पाठीमागे कर्णे खांद्यावर टाकून हिंडला आणि भाऊ गेल्यावर दुकानात एकटा बसू लागला. कुणाशी धड बोलणं नाही. काही विचारलं की "हो हो, बघतो." समोरचा बोलत असला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचं, जसं काही समोरचा खोटंच बोलतोय.

मोठी दुकानात गेली. दीर काउंटरवर फडकं मारत होते.

"भावोजी," ती कपाटातलं सामान न्याहाळत, त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली, "काल कॉम्प्युटरवर काय करत होतात?"

"नको, नको," दीर म्हणाले. "आत्ताच झाला."

मोठी मागे वळून बघतच राहिली. इतकं उघड टाळायचं? चहाचं सोंग घेऊन?

४

दुसऱ्या दिवशी नणंद आली. मोठीनेच बोलावली होती. अंगाईगीताची एक प्रत दे म्हणून तिने किती वेळा तोंड वेंगाडलं होतं, आणि दर वेळी मोठीने एक वस्तू, एक जागा, म्हणून हात हलवत पाठवली होती. काल सकाळी येऊन तीही त्या खोलीत एकटी बसून गेली होती.

"वन्सं, खरं सांगा. नेलंत ना? नेलंत तर नेलंत, पण बाकीचं परत द्या."

नणंद आधी गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे आईचं गाणं गेलं?"

"गेलं."

नणंद खुर्चीत बसली ती बसलीच. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. "वहिनी, तू देत नव्हतीस तर मला राग यायचा. पण घरी गेल्यावर वाटायचं, असू दे, तिच्याकडे आहे ना. कुठेतरी आहे. आता मला आईचा आवाज कसा होता ते आठवत नाहीये बघ. आत्ता, या क्षणाला. प्रयत्न करतेय, पण येतच नाहीये."

असं सोंग कुणाला येत नाही. मोठीने तिच्यापुढे पाण्याचं भांडं सरकवलं. तिच्या मनात आलं, आज ना उद्या आपलंही असंच होणार. कान आठवत राहील, आठवत राहील आणि एका दुपारी हात टेकेल.

तीन माणसं. मुलाला एका फाईलची अडचण, सुनेला एकीची, नणंदेला एकीचा लोभ. तिघांपैकी एकालाही सगळ्या नको होत्या. आणि इतक्या नेणाऱ्याने काही तर ठेवल्याही होत्या.

चोराने काय नेलं हेच ती दोन दिवस बघत बसली होती. काय ठेवलं ते तिने अजून ऐकलंच नव्हतं.

५

तिने हेडफोन बाजूला ठेवले, मोठे स्पीकर जोडले आणि उरलेली एकेक फाईल लावत गेली.

हाराच्या फोल्डरमध्ये बँड उरला होता. सनई गेली होती. घंटेच्या फोल्डरमध्ये कवायतीचे हुकूम होते. पहिलीतल्या पोरीचं घाबरत म्हटलेलं गाणं गेलं होतं. शर्यतीचा निवेदक घसा फाडून ओरडत होता. एक पुढारी टेबलावर मूठ आपटत होता. आणि माईकच्या फोल्डरात नवऱ्याच्या उरलेल्या फायली होत्या त्या मैदानावरच्या. टोकाच्या कर्ण्यापाशी उभ्या असलेल्या भावाला तो कधी नव्हे ते ओरडून विचारत होता: "हॅलो! हॅलो! येतंय का रे?"

टेबलावरची पेन्सिल थरथरत घरंगळली आणि खाली पडली.

मोठीने ती उचलली आणि तशीच हातात धरून बसली.

जे उरलं होतं ते सगळं मोठ्याने होतं. जे गेलं ते सगळं हळू. कोणाचं गुपित, कोणाचं गाणं, कोणाचा नवरा, असं चोराने काही बघितलंच नव्हतं. त्याला त्या फायलींत काही सापडलंच नव्हतं.

आवाजाचं बटण टोकाला नेलेलं. दारातून मारलेल्या हाका. न विचारलेला चहा. आणि तोंडाकडे टक लावून बघायची ती खोड.

ती उठली आणि पाय न वाजवता, खरं तर आता त्याची गरज नव्हती, दुकानात गेली. दीर रस्त्याकडे तोंड करून, कोपराला वळसे देत वायर गुंडाळत बसले होते. मोठी त्यांच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"भावोजी."

वायरचा एक वळसा पडला.

"भावोजी, तुम्ही चोर आहात."

दुसरा वळसा.

"भाऊ गेला तेव्हा माणसं येऊन तुमच्याशी बोलत होती आणि तुम्ही भिंतीकडे बघत होतात. तेव्हापासून मी तुम्हाला दगड म्हणते. मनात नाही, उघड म्हणते. सगळ्यांना सांगत फिरते..."

वायर शांतपणे कोपराला वेटोळे घालत होती. मग दिरांना काचेत तिची सावली दिसली. ते दचकून वळले, आणि चेहऱ्यावर ते जुनं, सावध हसू आणत म्हणाले, "अरे वहिनी? हो हो, बघतो."

६

मोठीने स्टूल ओढलं आणि त्यांच्या अगदी समोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. या घरात कितीतरी दिवसांत कुणी कुणासमोर असं बसलं नव्हतं.

"भावोजी," ती ओठ नीट उघडून म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाही?"

ते हसायला गेले, पण जमलं नाही.

"थोडं कमी येतं," ते म्हणाले. मग वायर खाली ठेवली. "दादा मशीनपाशी बसायचा, मी कर्ण्याखाली. जन्मभर. हळूहळू गेलं. दादाला ठाऊक होतं. तो समोर येऊन बोलायचा, म्हणून निभलं." घुटमळून म्हणाले, "कुणाला सांगू नका, वहिनी. बहिरा माईकवाला म्हटल्यावर लोक हसतील. आणि हे दुकान... मग मला इथे कशाला बसू देतील?"

"माझ्या नवऱ्याचं दुकान आहे. कोण उठवतो ते बघते मी." मग ती पुढे झुकली. "त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढताना काय म्हटलं होतं?"

"डिस्क भरलीय. रिकाम्या फायली कुणीतरी काढा." ते उत्साहाने म्हणाले. "काढल्या ना मी! एकही न ऐकता नाही काढली. प्रत्येक लावली, आवाज पूर्ण केला, शेवटपर्यंत बसलो. ज्यात काहीच नव्हतं तेवढ्याच काढल्या."

"आणि फेकल्या नाहीत."

"फेकायच्या कशाला?"

तेच तिने हेरलं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात रिकामी फाईल पुसली गेली असती. पण हे माईकवाल्यांचं घर. इथे कोरी कॅसेट म्हणजे पुढच्या कार्यक्रमाची बेगमी. ती कुणी फेकली तर नवरा दोन दिवस जेवत नसे. कपाटातला खालचा खण कोऱ्यांचा होता. अजूनही होता, जरी त्यात टिपायला यंत्रच उरलं नव्हतं.

मोठी उठली आणि तिने तो खण ओढला. वेष्टनसुद्धा न फोडलेल्या कॅसेटींच्या रांगेच्या टोकाला एक पेन ड्राइव्ह होता. त्याला पांढरी पट्टी चिकटवून दिरांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं. मोठीने जोडून वाचलं: कोरे.

"यावर दुसरं काही भरलंत का?" तिने वळून त्यांच्यासमोर येत विचारलं.

"नाही. कुणी बोलावतच नाही हल्ली." मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "वहिनी, कोऱ्याच होत्या ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. बहिऱ्या माणसाशी तर फारच सोपं. पण ते तिच्या ओठांकडे बघत होते, आणि भाऊ गेल्यापासून कुणीही त्यांना खरं असं काही सांगितलं नव्हतं.

"त्यात तुमचे दादा होते," मोठी म्हणाली.

दिरांनी ते वाचलं. पुन्हा एकदा वाचावं तसे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. "सगळ्यांत?"

"बहुतेक."

"मी शेवटपर्यंत बसलो होतो हो," ते म्हणाले. "प्रत्येक फाईल. कान दुखेपर्यंत. तो होता, आणि मी कोरा म्हणून..." मोठी पुन्हा स्टूलावर त्यांच्यासमोर बसली. रस्त्यावरून कुणी गेलं, आत डोकावलं, आणि पुढे निघून गेलं.

७

"सापडलं सगळं," रात्रीच्या जेवणाआधी तिने जाहीर केलं. "माझाच हात लागून सरकलं होतं."

मुलाने मान वर केली. आपल्या आईच्या हातून चूक झाल्याचं त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. बॅग भरून दारात ठेवलेली सून सासूकडे बघतच राहिली. मग तिची नजर काकांकडे गेली. ते ताटात बोट फिरवत खाली मान घालून बसले होते. सून शहाणी होती. तिने बॅग उचलून आत नेली आणि येताना काकांच्या समोरच्या बाजूने येऊन वाढलं.

नणंदेसाठी मोठीने अंगाईगीताची प्रत काढायला लावली. मुलाला हे अघटित वाटलं. पण मिरचीचा फोल्डर मात्र तिने जसाच्या तसा जागेवर ठेवला. इतकंही कुणी बदलत नसतं.

दुसऱ्या दुपारी दारं लोटली गेली तेव्हा ती दुकानात जाऊन दिरांना घेऊन आली. कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या मांडल्या, एकमेकींकडे तोंड करून. दीर अवघडून बसले. "मला काय उपयोग त्याचा, वहिनी? तुम्ही ऐका."

मोठीने कानांवर हेडफोन चढवले. फाईल लावली. ऐकली. मग त्यांच्याकडे तोंड केलं आणि ओठ नीट उघडून म्हणाली, "हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन."

ते तिच्या तोंडाकडे बघत होते.

"मागे खुर्च्या ओढतायत," ती म्हणाली. "एक पोर किरकिरतंय. आणि हे म्हणतायत, थांबा हो जरा. वायर पुरत नाहीये."

दिरांचा चेहरा हलला. "शाळेचं मैदान," ते म्हणाले. "वायर खरंच पुरत नव्हती. मी दोन टोकं हातात धरून उभा राहिलो, पूर्ण कार्यक्रमभर. दादा तिथून मला बघून हसत होता. ते नाही का त्यात?"

"हसण्याचा आवाज नाही."

"हसायचा तसाच तो. आवाज न करता."

हे मोठीला ठाऊक होतं. फक्त कुणीतरी म्हणायची ती वाट बघत होती, हे तिला आत्ता कळलं. तिने पडद्याकडे वळून डोळे पुसले, कारण पाठ केली की या माणसाला काही कळत नसे, आणि आज तिला त्याचा उपयोग होता.

"पुढची?" दिरांनी विचारलं. फार मोठ्याने. घरभर ऐकू गेलं असेल, आतल्यांची झोप मोडली असेल.

मोठीने त्यांना गप्प केलं नाही. पुढची लावली.